मेंदूचा फोटो आणि पुढची वीस वर्षे

घरातले पोर विशी-बाविशीत एकाएकी बदलते. रात्र-रात्र जागते, एकटेच पुटपुटते, शेजारचे लोक आपल्यावर पाळत ठेवून आहेत असे सांगू लागते. कॉलेज सुटते, आंघोळ सुटते, जेवणात काहीतरी कालवले आहे म्हणून ताट बाजूला सारते. दोन-चार ठिकाणी दाखवून झाले की नात्यातले कुणीतरी सुचवते, ‘‘एकदा डोक्याचा एमआरआय काढून घ्या, म्हणजे काय ते कळेल.’’ हजारो रुपये मोजून भले मोठे पाकीट घरी येते आणि आतल्या कागदावर लिहिलेले असते की विशेष काही आढळले नाही. इथून पुढे घरात दोन तट पडतात. चाचा म्हणतात, मेंदू ठणठणीत आहे, म्हणजे हा रोग नव्हेच, बाहेरचा मामला आहे, आमिलाला दाखवा. थोरला भाऊ म्हणतो, काही झालेले नाही, नुसता कामचुकारपणा आहे.

कधी याच्या उलटही होते. कागदावर ‘मेंदू किंचित आकसलेला’ अशी ओळ असते आणि आई-वडील त्याच दिवशी मुलाची आशा सोडतात. त्यात आता मोबाइलवर एक निरोप फिरत असतो की मानसोपचाराच्या गोळ्यांनीच मेंदू आकसतो. मग गोळ्यांची पट्टी कपाटावर जाऊन बसते.

या तिन्ही घरांना उपयोगी पडेल असे काही सांगावे म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे. मेंदूच्या रचनेबद्दल गेल्या पन्नास वर्षांत बरेच कळले आहे. रुग्णांचे पुढे वीस-तीस वर्षांनी काय होते, हेही बऱ्यापैकी कळले आहे. मात्र या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध लोक समजतात तितका सरळ नाही.

आधी रोगाविषयी थोडेसे. वास्तवाशी नाते सुटणे, नसलेले आवाज ऐकू येणे, भलत्याच गोष्टींवर ठाम विश्वास बसणे, बोलणे विस्कळीत होणे या अवस्थेला डॉक्टर सायकोसिस म्हणतात. स्किझोफ्रेनिया हा त्यातला सर्वांत परिचित आजार. मराठीत त्याला छिन्नमनस्कता म्हणतात. काहींना तीव्र उदासी किंवा उन्माद यांच्या जोडीने सायकोसिस होतो, काहींना तो एकदाच येऊन कायमचा जातो. आपल्या देशात २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झाले. त्यानुसार स्किझोफ्रेनिया आणि त्याच्या जातीचे आजार आयुष्यात कधी ना कधी झालेले प्रौढ लोक शेकडा १.४ आहेत. हजार प्रौढ माणसांच्या मोहल्ल्यात चौदा जण. तेव्हा ‘आमच्या खानदानात असले काही नाही’ हे वाक्य जरा जपूनच उच्चारावे.

या आजारात मेंदूत काहीतरी बिघडलेले असणार, ही शंका फार जुनी आहे. जर्मनीतले एमिल क्रेपेलिन यांनी १८९०च्या दशकात या रोगाचे वर्णन केले, तेव्हा त्यांनी त्याला अकाली येणारा बुद्धिभ्रंश अशा अर्थाचे नाव दिले. माणूस तरुणपणीच ढासळत जातो आणि परत येत नाही, अशी त्यांची साधारण समजूत होती. त्यांचेच सहकारी अलॉइस अल्झायमर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली मेंदू तपासून म्हातारपणच्या विस्मरणाच्या रोगाची खूण शोधली; तो रोग आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. या तरुणांच्या आजारात मात्र तशी ठळक खूण मिळाली नाही. झुरिचच्या ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली स्किझोफ्रेनिया हे नवे नाव सुचवले. त्यामागचे एक कारण असे की त्यांच्या पाहण्यातले सगळेच रुग्ण काही ढासळत गेले नव्हते. तरीही क्रेपेलिन यांची ती निराशा शतकभर दवाखान्यांत घर करून राहिली, आणि आपल्या घरांत तर अजून आहे.

पहिला भक्कम पुरावा १९७६ साली लंडनजवळच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयातून आला. सीटी स्कॅनचे यंत्र तेव्हा नवे होते. ईव्ह जॉनस्टन, टिम क्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे रुग्णालयात असलेल्या अवघ्या १७ रुग्णांचे स्कॅन काढले. मेंदूच्या मध्यभागी पाण्याने भरलेल्या पोकळ्या असतात. त्या या रुग्णांत निरोगी माणसांपेक्षा मोठ्या निघाल्या. पोकळी मोठी म्हणजे भोवतालचा मेंदू तेवढा कमी. ‘वाईट संगोपनामुळे हा रोग होतो’ असे सांगून आयांना दोषी ठरवणाऱ्या त्या काळातल्या तज्ज्ञांना यानंतर आपला सूर बदलावा लागला. आमच्या मते या शोधाचे हे सर्वांत मोठे उपकार आहेत.

त्याहून बोलका अभ्यास १९९० साली अमेरिकेत झाला. एकसारख्या जुळ्यांच्या १५ जोड्या निवडल्या. प्रत्येक जोडीत एकाला स्किझोफ्रेनिया, दुसरा निरोगी. दोघांची गुणसूत्रे एकच, घर एकच, आई-वडील एकच. दोघांचे स्कॅन शेजारी-शेजारी ठेवले तेव्हा १५ पैकी १२ जोड्यांत आजारी भाऊ किंवा बहीण कोण, हे पोकळ्यांच्या आकारावरून नुसत्या नजरेने ओळखता आले. आठवणींशी संबंधित असा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग मेंदूत खोलवर असतो. त्याचा पुढचा हिस्सा १४ जोड्यांत आजारी जुळ्यात लहान होता.

इथे थोडे थांबले पाहिजे, कारण पाकिटातल्या कागदाचे उत्तर इथेच आहे. ही ओळख पटली ती जुळ्या भावाचा स्कॅन शेजारी होता म्हणून. तो काढून घेतला असता तर बहुतेक आजारी जुळ्यांचे मेंदू एकेकटे पाहताना चारचौघांसारखेच दिसले असते. आपल्या मुलाला शेजारी ठेवायला जुळा भाऊ नसतो. म्हणून रेडिओलॉजिस्ट ‘विशेष काही नाही’ असे लिहितो, आणि ते खरेच असते. त्याचा अर्थ रोग नाही असा होत नाही.

मग डॉक्टर स्कॅन काढायला सांगतातच कशाला? मेंदूतली गाठ, सूज, जुना मार, फिट्सचे कारण असे दुसरे काही नाही ना, याची खात्री करण्यासाठी. अशा कारणांनीही कधी कधी भास होतात आणि त्यांचा उपचार वेगळा असतो. स्किझोफ्रेनियाचे निदान आजही रुग्णाशी आणि घरच्यांशी सविस्तर बोलूनच होते. ‘स्कॅनवरून स्किझोफ्रेनिया पकडतो’ असे कुणी सांगत असेल, तर त्याला पैसे देऊ नयेत.

पुढे हजारो रुग्णांची मापे एकत्र केली गेली. एनिग्मा नावाच्या जागतिक गटाने २०१६ साली २०२८ रुग्ण आणि २५४० निरोगी माणसे यांची तुलना छापली. हिप्पोकॅम्पस, थॅलॅमस आणि अमिग्डाला हे भाग रुग्णांत सरासरीने लहान होते, पोकळ्या मोठ्या होत्या. दुसऱ्या एका मोठ्या मोजणीत औषधे घेणाऱ्या रुग्णांचा एकूण मेंदू सरासरी २.६ टक्क्यांनी लहान आढळला. सरासरी हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे. समजा, दोन गावांतल्या पुरुषांच्या सरासरी उंचीत इंचभराचा फरक आहे. हजार-हजार माणसे मोजली तर तो स्पष्ट दिसेल. पण बाजारात एकटा भेटलेला माणूस उंचीवरून कोणत्या गावचा, हे तुम्ही सांगू शकणार नाही. हिप्पोकॅम्पसमधला फरक साधारण याच मापाचा आहे.

हा फरक येतो कुठून? यावर अजून काम चालू आहे, पण एक धागा पटण्यासारखा आहे. लहानपणी मेंदूतल्या पेशींचे एकमेकींशी गरजेपेक्षा जास्त जोड तयार होतात आणि किशोरवयात त्यांतले बरेच छाटले जातात. नाशिककडे द्राक्षबागेची छाटणी पाहिलेल्यांना हे चटकन समजेल; छाटले नाही तर पीक येत नाही, आणि कात्री जास्त चालली तरी वेल कमजोर होतो. २०१६ साली सुमारे ६५ हजार लोकांच्या तपासणीतून असे दिसले की या छाटणीत भाग घेणाऱ्या सी-फोर नावाच्या जनुकाचे काही प्रकार रोगाचा धोका थोडा वाढवतात. रोग नेमका सोळा ते तीस या वयात का डोके वर काढतो, याचा काहीसा उलगडा त्यातून होतो. गांजाही याच वयात जास्त घातक ठरतो. अर्थात हे एकच जनुक रोग घडवत नाही. लहान-लहान धोका वाढवणारी जनुके शेकड्यांनी आहेत, आणि एकसारख्या जुळ्यांतही एकाला रोग झाला म्हणजे दुसऱ्याला होतोच असे नाही. निम्म्याहून अधिक जोड्यांत दुसरा वाचतो. एक दिलाशाची गोष्टही आहे. अल्झायमरच्या रोगात पेशी मोठ्या संख्येने मरतात, तसे इथे घडताना दिसत नाही. पेशी असतात, त्यांचे जोड विरळ झालेले असतात.

गोळ्यांनी मेंदू आकसतो का?

मोबाइलवरचा तो निरोप पूर्ण खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही, कारण तो तसा नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात नॅन्सी अँड्रिअसन यांच्या गटाने २११ रुग्णांचे सरासरी सात वर्षे वरचेवर स्कॅन काढले. २०११ साली त्यांनी जाहीर केले की ज्यांना औषधे जास्त मिळाली त्यांच्या मेंदूचे आकारमान थोडे जास्त घटले. त्याआधी २००५ साली निरोगी माकडांना हीच औषधे दीड-दोन वर्षे दिली गेली होती, आणि त्यांच्या मेंदूचे वजन व आकारमान ८ ते ११ टक्के कमी भरले होते. आजारच नसलेल्या जनावरांत हे घडले, म्हणून डॉक्टरांनाही ते गांभीर्याने घ्यावे लागले.

पण गोष्ट इथे संपत नाही. पोकळ्या मोठ्या असल्याचे जर्मनीतल्या याकोबी आणि विंकलर यांनी १९२७ सालीच पाहिले होते. त्या वेळी मेंदूत हवा भरून एक्स-रे काढण्याची वेदनादायक पद्धत होती. पहिली गोळी क्लोरप्रोमॅझीन, ती पॅरिसमध्ये १९५२ साली वापरात आली. म्हणजे गोळ्या येण्याच्या पंचवीस वर्षे आधीही फरक होताच. एकही गोळी न घेतलेल्या रुग्णांच्या आजच्या स्कॅनमध्येही तो दिसतो, जरा कमी प्रमाणात. त्याच आयोवाच्या गटाला पुढे असेही आढळले की रोग पुन्हा उसळून जितका जास्त काळ राहतो, तितका मेंदूचा तोटा जास्त. शिवाय आकारमान घटले म्हणजे तेवढे कार्य गेले, असे गणित मेंदूत चालत नाही.

आता तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे ते पाहू. २०१२ साली ६५ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून छापले गेले. त्यांत साडेसहा हजारांच्या आसपास रुग्ण होते. औषध चालू ठेवलेल्यांपैकी वर्षभरात शंभरात २७ जणांचा आजार उलटला. औषधाच्या जागी नुसती पिठाची गोळी मिळालेल्यांत ६४ जणांचा. पहिल्यांदाच आजारी पडलेल्या तरुणांवरच्या एका अमेरिकी अभ्यासात औषध बंद करणाऱ्यांना आजार उलटण्याचा धोका सुमारे पाचपट निघाला. आजार उलटणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात घडले आहे त्यांना सांगायला नको. गेलेली नोकरी, मोडलेली सोयरीक, पोलीस चौकी, आणि काहींच्या बाबतीत विहीर किंवा रेल्वेचे रूळ.

नेदरलँड्समध्ये मात्र एक वेगळा अनुभव आला. पहिल्या आजारातून सावरलेल्या तरुणांपैकी काहींचा डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी केला, जमल्यास बंद केला. बाकीच्यांचा तसाच ठेवला. सुरुवातीच्या दोन वर्षांत डोस कमी केलेल्यांचा आजार जास्त वेळा उलटला. सात वर्षांनी पाहिले, तर पूर्णपणे सावरून कामधंद्याला लागलेले त्यांच्यात ४० टक्के होते आणि दुसऱ्या गटात १८ टक्के. अभ्यास लहान होता, १०३ जणांचा, त्यामुळे त्यावरून नियम बांधता येत नाही. आमचे मत असे की घरच्यांनी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे: ‘‘याला पुरेल असा कमीत कमी डोस कोणता? तो कधी कमी करून पाहता येईल?’’ हा प्रश्न विचारण्यात बेअदबी नाही. एके दिवशी आपल्याच मनाने सगळ्या गोळ्या बंद करणे ही मात्र निराळी गोष्ट आहे. त्या ६४ जणांच्या रांगेत जाऊन उभे राहण्यासारखे ते आहे.

रमजानचाही प्रश्न इथे येतो. अनेक औषधे दिवसातून एकदा किंवा दोनदाच असतात आणि इफ्तार-सहरीच्या वेळांना जुळवून घेता येतात, पण ते महिनाभर आधी डॉक्टरांना विचारून. खाण्यापिण्यापेक्षा जास्त त्रास मोडलेल्या झोपेचा होतो. रात्रीचे जागरण हे आजार उलटण्याचे नेहमीचे कारण आहे. लिथियम घेणाऱ्यांच्या शरीरातले पाणी कमी झाले तर ते औषध विषारी ठरू शकते. आजारी माणसाला रोज्याची सवलत आहे, हे तर घरातल्या लहान मुलालाही माहीत असते. फक्त हा आजार ‘आजार’ धरला जात नाही, अडचण तिथे आहे.

वीस वर्षांनंतर

क्रेपेलिन यांच्या निराशेला पहिला मोठा छेद अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातून मिळाला. तिथल्या सरकारी रुग्णालयाच्या मागच्या वॉर्डांत, जिथले लोक कधी बाहेर पडतील असे कुणालाच वाटत नव्हते, तिथल्या २६९ रुग्णांना १९५०च्या दशकाच्या मध्यावर राहायला जागा आणि हाताला काम देऊन बाहेर आणण्यात आले. कोर्टने हार्डिंग यांच्या गटाने सरासरी ३२ वर्षांनी त्यांना शोधून काढले. १९८७ साली छापलेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्यातले निम्म्यापासून दोन तृतीयांश लोक बरे झालेले किंवा खूप सुधारलेले होते.

आपल्याकडचे उदाहरण चेन्नईचे. तिथल्या डॉ. आर. थारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रथमच आजारी पडलेले ९० रुग्ण नोंदवले आणि दहा, वीस आणि त्याहून अधिक वर्षे त्यांचा माग ठेवला. पुढे हे काम स्कार्फ या संस्थेतून चालले. डॉ. सारदा मेनन यांनी १९८४ साली ती स्थापन केली होती. वीस वर्षांनी दिसलेले चित्र सरळ नव्हते. सतत आजारीच राहिलेले थोडे, एकदा बरे होऊन पुन्हा कधीच आजारी न पडलेलेही थोडे. मोठा गट मधला. आजार यायचा, जायचा. दोन झटक्यांच्या मधल्या काळात माणूस दुकानावर बसायचा, कारखान्यात जायचा, मुले वाढवायचा. काहींचा मृत्यूही झाला होता आणि त्यांत आत्महत्या होत्या, हे लपवण्यात अर्थ नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने १९६०च्या दशकाच्या अखेरीस नऊ देशांत पाहणी सुरू केली. त्यात आपले आग्रा होते. १९७८पासूनच्या पुढच्या मोठ्या पाहणीत चंदीगडही आले. दोन्ही वेळा निष्कर्ष असा की भारत, नायजेरिया यांसारख्या देशांतले रुग्ण श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा चांगले सावरले. हा निष्कर्ष आपल्याकडे भाषणांत फार मिरवला जातो: पाहा, आमची कुटुंबे! पण २००८ साली थारा, विक्रम पटेल आणि इतरांनी अकरा देशांतले तेवीस अभ्यास पुन्हा तपासून असा इशारा दिला की चित्र सगळीकडे सारखे नाही. उपचारच न मिळालेल्या रुग्णांची गरीब देशांत फार दैना होते. आपल्या देशात गंभीर मानसिक आजाराच्या शंभरात सत्तरांहून अधिक रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नाही. हे लक्षात ठेवले, तर मिरवण्याचा उत्साह कमी होतो.

तरीही कुटुंबाचा वाटा मोठा आहे, हे निर्विवाद. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन यांना असे दिसले होते की रुग्णालयातून घरी गेलेल्या माणसाचा आजार उलटणार की नाही, हे घरातल्या बोलण्यावर बरेच अवलंबून असते. सतत दोष काढणे, तिरस्कार, आणि तिसरी गोष्ट म्हणजे घास भरवण्यापर्यंत जाणारी अतिकाळजी. हीच मोजपट्टी चंदीगडमध्ये लावली, तेव्हा तिथल्या घरांत दोष काढणारी बोलणी लंडनपेक्षा बरीच कमी आढळली. ‘तुझ्यामुळे बहिणीचे स्थळ मोडले’, ‘नमाज नीट पढला असतास तर हे झाले नसते’, ‘एवढा धडधाकट असून पलंगावर लोळतोस’ ही वाक्ये ज्या घरात रोज उच्चारली जातात, त्या घराने स्कॅनसाठी पैसे साठवण्याआधी ती बंद करून पाहावीत. अंथरुणावर पडून राहणे, कशातच मन न लागणे हा या रोगाचाच भाग आहे, आणि आवाज थांबल्यावरही तो बराच काळ राहतो.

मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुहरमन यांनी कॅलिफोर्निया, घानातले अक्रा आणि चेन्नई इथल्या रुग्णांना त्यांचे ‘आवाज’ काय सांगतात, असे विचारले होते. अमेरिकी रुग्णांना बहुधा अनोळखी, मारण्या-कापण्याची भाषा करणारे आवाज ऐकू येत. चेन्नईत अनेकांना घरातली वडीलधारी माणसे ऐकू येत: आंघोळ कर, चूल पेटव, असे रागावणारी. आजारी मेंदूसुद्धा आपल्या घरातलीच भाषा बोलतो म्हणायचे.

आता उशिराबद्दल. पुढची वीस वर्षे कशी जातील हे सांगणाऱ्या ज्या गोष्टींवर आपला हात पोहोचतो, त्यांत पहिला आजार सुरू झाल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत गेलेला वेळ फार वर येतो. नॉर्वेतल्या रोगालँड परगण्यात १९९७ ते २००० या काळात वर्तमानपत्रे, रेडिओ, शाळा यांमधून लक्षणांची माहिती देण्यात आली आणि कुणीही थेट संपर्क साधू शकेल अशी पथके ठेवण्यात आली. तिथे उपचाराविना जाणारा काळ साधारण ५ आठवड्यांवर आला. अशी मोहीम नसलेल्या भागांत तो १६ आठवडे होता. दहा वर्षांनी या भागातले ३१ टक्के रुग्ण पूर्णपणे सावरलेले होते, दुसरीकडे १५ टक्के. औषधे तीच होती. फरक अकरा आठवड्यांचा होता.

आपल्याकडे हा काळ आठवड्यांत मोजायची सोयच नसते. कित्येकदा वर्षे जातात. त्यातला मोठा हिस्सा आमिल, बाबा आणि दर्ग्यांच्या वाऱ्यांत जातो. तमिळनाडूतल्या एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे दर्ग्याजवळच्या एका खाजगी ‘आश्रयगृहा’ला आग लागली. साखळ्यांनी बांधलेले २८ रुग्ण पळू न शकल्याने मेले. त्यांना तिथे नेऊन ठेवणारे त्यांचेच नातेवाईक होते, आणि त्यांतले बहुतेक प्रेमापोटीच आले होते, हे जास्त जाळते. आज २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला मनाई आहे.

दुआ करू नका, असे आम्ही म्हणत नाही आणि म्हणणारही नाही. गुजरातमध्ये उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात २००८पासून ‘दवा आणि दुआ’ नावाचा उपक्रम चालतो. दर्ग्याचे मुजावर येणाऱ्या रुग्णांना ओळखतात आणि तिथेच बसलेल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात. दुआ थांबत नाही, गोळीही सुरू होते. यात नवल वाटण्यासारखे काही नाही. दमास्कसमध्ये ११५४ साली आणि कैरोत १२८४ साली जे बीमारिस्तान उभे राहिले, त्यांत मनोरुग्णांसाठी वेगळे कक्ष होते आणि हकीम होते. युरोपात अशा रुग्णांचे काय हाल होत होते, त्या काळातली ही गोष्ट. जो वारसा सांगताना आपली छाती फुगते, तो औषधाचाच वारसा आहे.

मुलींच्या बाबतीत उशीर आणखी वेगळ्या वाटेने होतो. आजार लपवून निकाह लावला जातो. ‘लग्न झाले की सुधारेल’, ही खालाजान-मामीजानची हमखास शिफारस. सासरी कुणाला कळू नये म्हणून गोळ्या माहेरीच राहतात. नवे घर, अपुरी झोप, आणि तीन-चार महिन्यांत आजार उसळतो. मग ‘फसवले’ म्हणून मुलगी परत. चेन्नईतच थारा यांच्या गटाने अशा लग्न मोडलेल्या स्त्रियांशी बोलून अभ्यास केला. बहुतेक जणी म्हाताऱ्या आई-वडिलांकडे परतल्या होत्या, पोटगी नाही, आणि आई-वडिलांना एकच घोर: आमच्यानंतर हिचे कोण? पुरुष रुग्णांच्या बायका मात्र बहुधा नवऱ्यापाशी टिकून असतात. आधीच सांगून ठरलेले लग्न, जिथे गोळीचा डबा उघडपणे फळीवर राहतो, ते टिकण्याची शक्यता कितीतरी जास्त.

आणखी एका गोष्टीकडे मेंदूच्या चर्चेत सगळ्यांचेच दुर्लक्ष होते. जगभरच्या आकडेवारीनुसार या रुग्णांचे आयुष्य इतरांपेक्षा सुमारे १५ वर्षांनी कमी भरते, आणि त्याचे मोठे कारण हृदयविकार, मधुमेह आणि विडी-सिगारेट हे आहे. काही औषधांनी वजन आणि साखर वाढते. तेव्हा दर सहा महिन्यांनी वजन, रक्तदाब, साखर आणि चरबीची तपासणी करून घ्यावी. सायकल चालवण्याच्या व्यायामाने हिप्पोकॅम्पस वाढल्याचे एका लहान अभ्यासात दिसले होते. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत ते दिसले नाही. हृदयाला मात्र चालण्याचा फायदा नक्की होतो, आणि घराबाहेर पडणे होते ते वेगळेच.

सुरुवात कुठून करावी, असे विचारणाऱ्यांसाठी: टेली-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, ती विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतो आणि नेहमीची औषधे तिथे मिळतात. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, पण पहिल्या आजाराला बहुधा तिथपर्यंत जावे लागत नाही. पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन रुग्ण आणि नातेवाइकांसाठी काम करते, डॉ. जगन्नाथ वाणी यांनी ती सुरू केली. ‘देवराई’ हा २००४चा मराठी चित्रपट पाहिला नसेल तर घरच्यांनी मिळून पाहावा. समजावून सांगण्याचे निम्मे काम तो करतो.

आणि ‘आमच्यानंतर कोण’ या प्रश्नासाठी २०१७च्या कायद्यात एक तरतूद आहे, जिची माहिती फार थोड्या घरांना आहे. रुग्ण सावरलेला असताना, आजार पुन्हा आल्यास आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते नकोत हे लेखी नोंदवून ठेवू शकतो. आपल्या वतीने निर्णय घ्यायला विश्वासातल्या माणसाचे नाव साध्या कागदावर सही करून देऊ शकतो. ते नाव बापाचेच असले पाहिजे असे नाही. बहीण, मेहुणा, चुलत भाऊ, जवळचा दोस्त, ज्याने मान्य केले असेल असा कुणीही प्रौढ माणूस चालतो. आई-वडील साठीच्या आत असताना आणि मुलगा बरा असताना हा कागद करून घेतलेला चांगला.